आडवी कोर

प्रियदर्शनी ओव्हाळ यांच्याकडे अंतराळाची सहाशे बारा टपाल तिकिटं होती आणि त्यांतलं एकही बरोबर नव्हतं.

तिकिटं खरी होती. त्या त्या देशाच्या टपाल खात्याने रीतसर काढलेली, कडेचे दात शाबूत, मागचा डिंक जागच्या जागी. चूक होती ती चित्रांत. एका तिकिटावर चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे चंद्राच्या अंधाऱ्या भागावरच, एक चांदणी चमकत होती. तिथून चांदणी दिसायची तर चंद्राला आरपार भोक पाडावं लागलं असतं. एका उपग्रहाने सूर्याकडे पाठ करून आपले सौर पंख पसरले होते. चंद्रावर उतरलेल्या एका माणसाची सावली सूर्याच्याच दिशेने पडली होती. वाळवंटातल्या काही छोट्या राज्यांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी, पोस्टमन मोजके असताना, चांद्रमोहिमांची तिकिटं मात्र पोत्याने छापली होती. त्यांच्यावर बाईंचा विशेष लोभ होता. "तिथे चित्रकाराने कुणालाही काही विचारलेलं दिसत नाही," असं त्या कौतुकाने म्हणत.

आर्यभट्ट उपग्रहाचं १९७५ सालचं पंचवीस पैशांचं तिकीटही त्यांच्याकडे होतं. पण त्यात ठाम अशी चूक सापडेना, म्हणून ते तीस वर्षं एका वेगळ्या पाकिटात, संशयित म्हणून ठेवलेलं होतं. सहाशे बारांत त्याची गणती नव्हती.

बाईंनी चौतीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत तापमापक आणि वायुभारमापक तपासले. ठिकठिकाणच्या हवामान केंद्रांवरून उपकरणं यायची, बाई त्यांची चूक किती ते काढून चिठ्ठी लावायच्या आणि परत पाठवायच्या. त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती, कारण ऊन आलं की उपकरणाचं वाचन बिघडतं. त्यामुळे अख्खी नोकरी हवामानात जाऊनही आकाश पाहायची वेळ आली ती ऑफिसला जाता-येताच, आणि तेव्हा नजर बसच्या पाटीवर असे.

त्यांचे वडील खडकीला फिटर होते, छप्पन साली दीक्षा घेतलेले. मुलीने शाळेतून येऊन काहीही नवं सांगितलं की ते एकच विचारायचे, "पाहिलंस का वाचलंस?" वाचलं म्हटलं की म्हणायचे, "मग अर्धं कळलं." बाईंनी हे वाक्य चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तापमापकांना लावलं.

तिकीट संग्राहकांचं मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बुधवार पेठेत, वायरी आणि स्पीकर विकणाऱ्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर भरे. बाई बावीस वर्षं तिथे जात होत्या आणि बावीस वर्षं मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांना जागा मिळाली नव्हती. चिटणीस माधव सहस्रबुद्धे यांचं म्हणणं स्पष्ट होतं.

"संग्रह म्हणजे उत्तम ते जमवणं, ओव्हाळबाई. तुम्ही चुका जमवता. उद्या कुणी फाटक्या नोटा घेऊन येईल."

"फाटक्या नोटांचे संग्राहक असतात."

"असतील. ते आमच्याकडे नसतात."

यंदा मात्र एक सभासद आपली पक्ष्यांची तिकिटं घेऊन मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले आणि एक चौकट रिकामी राहिली. सहस्रबुद्ध्यांनी फोन केला. "उघडी भिंत दिसते. त्यापेक्षा तुमचं लावू." बाईंनी हे निमंत्रण समजून स्वीकारलं.

एका चौकटीत सोळा पानं बसतात. सहाशे बारांतून अठ्ठेचाळीस तिकिटं निवडायची, पानावर तीन, प्रत्येकाखाली एक मजकूर. परीक्षक बाहेरगावचे. शंभरांपैकी साठ गुण मिळाले की राज्य प्रदर्शनात प्रवेश. राज्य प्रदर्शन मागे भरलं त्याला सात वर्षं झाली होती. आता पुढच्या वर्षी भरणार होतं, आणि त्यानंतर कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. गणित सोपं होतं. त्यांनी चौकटीची पानं न दुमडता मावतील अशी एक सुटकेस लक्ष्मी रोडला पाहून ठेवली होती. घेतली नव्हती, फक्त लांबी-रुंदी मोजून आल्या होत्या.

मजकूर भाचीने टाइप केला. मैत्री त्यांच्याकडे कोथरूडलाच राहायची आणि हिंजवडीला कामाला जायची.

"आत्या, हे भारी कंटेंट आहे. इन्स्टावर टाकू?"

"आधी परीक्षकांचं होऊ दे."

"शीर्षक काय देऊ?"

"आकाशातल्या चुका."

"आकाशातल्या नाहीत ना पण. तिकिटांतल्या."

बाईंनी चष्मा वर केला. "बरोबर आहे. 'तिकिटांतल्या चुका' कर."

शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या सभागृहात चौकटी लावायचं काम चाललं होतं. बाईंनी सोळा पानं लावली, पट्टी धरून ओळी तपासल्या. सहस्रबुद्धे कुलपांचा जुडगा घेऊन फिरत होते. चौकटीवर पारदर्शक झाकण बसवून कुलूप लावलं की परीक्षण होईपर्यंत ती उघडायची नाही, असा नियम होता. त्यांनी बाईंची चौकट वरपासून खालपर्यंत पाहिली.

"नीटनेटकी आहे," ते नाराजीने म्हणाले. "काठावर बासष्ट मिळतील."

सहस्रबुद्धे स्वतः पूर्वी परीक्षक होते आणि त्यांचा अंदाज दोन गुणांपलीकडे चुकत नसे. बाईंना बरं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या चौकटीवरून हिंमतराव भाडळे आले.

हिंमतराव वाघोलीचे. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता चौदा मजली इमारत होती आणि त्या इमारतीत अकराव्या मजल्यावर ते राहत. ते फक्त बैलांची तिकिटं जमवत. खिलार कुठला, डांगी कुठला, आणि कुठल्या देशाच्या चित्रकाराने वशिंड चार बोटं मागे सरकवलं, हे ते लांबूनच सांगत. त्यांनी बाईंची चौकट सावकाश वाचली आणि चौदाव्या पानापाशी थांबले.

"बाई, ह्या एक्केचाळीस नंबराच्या तिकिटात चूक काय हाय?"

"खाली लिहिलं आहे."

"ते वाचलं. म्हनून तर इचारतोय."

ते तिकीट विषुववृत्ताजवळच्या एका बेटाएवढ्या देशाचं होतं. समुद्र, दोन माड, वर जाणारं रॉकेट आणि शेजारी चंद्राची कोर, दोन्ही टोकं वर करून वाटीसारखी आडवी पडलेली. खाली छापलं होतं : 'चूक : कोर आडवी आहे. चंद्रकोर बाजूने उभी असते. अशी पाठीवर उताणी निजलेली कोर आकाशात दिसत नाही.'

"कोर आडवी आहे," बाई म्हणाल्या.

"मग?"

"कोर आडवी नसते. पुस्तकात आकृती आहे."

हिंमतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माघ-फाल्गुनात आडवीच असती की. होडीवानी. दसरा-दिवाळीला तिरकी. आमचा म्हातारा दर बिजंला खळ्यात हुबा ऱ्हाऊन कोरीचं टोक बघायचा आन् त्यावरनं पाऊस सांगायचा."

"मग पाऊस जुळायचा?"

"पाऊस कदी जुळला न्हाई. कोर जुळायची. अवो, महादेवाच्या डोक्यावर बी आडवीच हाय."

"महादेव हा पुरावा होत नाही, हिंमतराव."

"ऱ्हायलं. पर पुस्तक कुठलं तुमचं?"

"लंडनचं."

"मग लंडनला हुबी असंल," हिंमतराव शांतपणे म्हणाले. "आज बीज हाय. साडेसात-पावणेआठला मावळंल. बघा आन् मला सांगा. मी चुकलो असलो तर तसं बी सांगा."

सहस्रबुद्ध्यांनी झाकण बसवलं आणि कुलूप लावलं.

बसमध्ये बसल्यावर बाईंनी विचार केला. पृथ्वी गोल आहे. लंडनचा माणूस आणि पुण्याचा माणूस एकाच चंद्राकडे मान वेगवेगळी करून पाहतात. ही गोष्ट त्यांना शाळेपासून माहीत होती. तिचा एक्केचाळीस नंबरशी संबंध जोडायचा राहून गेला होता, एवढंच. कर्वे रोडवर येईपर्यंत त्यांची खात्री पटली होती की हिंमतराव बहुधा बरोबर आहेत. पण बहुधा हा शब्द त्यांनी आजवर एकाही चिठ्ठीवर लिहिला नव्हता.

घराची बाल्कनी पूर्वेला. चंद्र पश्चिमेला मावळणार. गच्चीची किल्ली सोसायटीचे अध्यक्ष अभय आठल्ये यांच्याकडे असे. पावणेसातला बाईंनी त्यांची बेल वाजवली.

"गच्चीची किल्ली हवी होती."

"कशाला?"

"चंद्र पाहायचा आहे."

आठल्यांनी आत वळून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "आज चतुर्थी नाही."

"नाही."

"कोजागिरीला अवकाश आहे."

"हो."

"मग आज कुठला चंद्र?"

"साधा."

साध्या चंद्रासाठी गच्ची उघडायची तरतूद सोसायटीच्या नियमांत नव्हती. "असं तोंडी सांगून चालत नाही, बाई. उद्या सगळेच येतील चंद्र बघायला. अर्ज लागतो."

बाईंनी पिशवीतून अर्ज काढून दिला. त्यावर कारण होतं, जाण्याची वेळ होती आणि परतण्याची वेळ होती. आठल्यांनी तो दोनदा वाचला.

"'कोन मोजणे' असं लिहिलंय."

"हो."

"मोजा. पण टाकीला हात लावू नका."

मैत्री नुकतीच कामावरून आली होती. बाईंनी तिला तिच्याच शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन वर नेलं. कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून त्याला कपाटाची किल्ली लटकवली होती, म्हणजे दोरा सरळ खाली राहील. पश्चिमेला नव्या इमारतींच्या क्रेन होत्या, पाण्याच्या टाक्या होत्या, एका गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. आकाश फिकट होतं. सात वाजून पाच मिनिटांनी दोन इमारतींच्या फटीत कोर दिसली.

ती आडवी होती.

थोडीशी कललेली, पण आडवी. दोन्ही टोकं वर. खाली माड नव्हते, रॉकेट नव्हतं, बाकी तिकिटासारखीच.

अडुसष्ट फाल्गुन त्यांच्या डोक्यावरून ही कोर अशीच गेली होती.

"आत्या, अ‍ॅपवर दिसलं असतं ना हे. ह्यासाठी अर्ज?"

"अ‍ॅपवर वाचलं असतं," बाई म्हणाल्या. "मी कडा धरते, तू आकडा सांग."

तीन वाचनं घेतली. सात अंश, आठ अंश, सात अंश. बाईंनी वहीत सरासरी लिहिली आणि अर्जात दिलेल्या वेळेच्या चार मिनिटं आधी किल्ली परत केली.

"दिसला का?" आठल्यांनी विचारलं.

"दिसला."

"कसा होता?"

"बरोबर होता."

जेवताना मैत्री म्हणाली, "मग आता काय? राहू दे ना. कोण बघतंय एवढं?" बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सांगितलं की हाच विचार त्या त्या सगळ्या देशांच्या चित्रकारांनी केला असणार.

परीक्षक शनिवारी अकराला येणार होते. बाई साडेनऊला सभागृहात पोचल्या. सहस्रबुद्धे टेबलावर पाण्याच्या बाटल्या लावत होते.

"मला चौकट उघडून हवी आहे. एक्केचाळीस नंबरचा मजकूर चुकला आहे."

सहस्रबुद्ध्यांनी सगळं ऐकून घेतलं. कोन, दोरा, किल्ली. मग त्यांनी बाटली खाली ठेवली. "ओव्हाळबाई, परीक्षक तिकिटं बघतात. चंद्र बघत नाहीत. कुणालाही कळणार नाही."

"हिंमतरावांना कळलं आहे."

"हिंमतराव बैल जमवतात."

"बैलांच्या बाबतीत त्यांची एकही चूक निघालेली नाही."

हे खरं होतं. सहस्रबुद्ध्यांनी घड्याळ पाहिलं. बावीस वर्षं ते या बाईंना जागा नाकारत होते, आणि आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की यांना बासष्ट मिळावेत. ते स्वतःच थोडे चकित झाले. "बरं, उघडतो. नियम मोडून उघडतो. त्या मजकुरावर कोरी पांढरी पट्टी चिकटवा आणि मोकळ्या व्हा. तिकीट राहील, मजकूर जाईल. एक गुणसुद्धा जाणार नाही."

"पट्टी लावता येत नाही."

"का?"

"चुकलेलं वाचन झाकायचं नसतं. त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. वर बरोबर ते लिहायचं. आद्याक्षरं आणि तारीख."

"हे कुणाचं?"

"आमच्या प्रयोगशाळेचं."

"ही प्रयोगशाळा नाही!" सहस्रबुद्ध्यांचा आवाज चढला. "टाइप केलेल्या पानावर हाताने खाडाखोड? मांडणीचे गुण जातील तुमचे."

"किती?"

"दोन."

बाईंनी मनात वजाबाकी केली. साठ. "मग चालेल," त्या म्हणाल्या. "किल्ली."

त्यांनी पट्टी ठेवून काळ्या पेनाने एक रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं : 'चूक नाही. फाल्गुन शुद्ध द्वितीयेस पुण्यातून कोर क्षितिजाशी सरासरी ७.३ अंश कललेली, म्हणजे जवळजवळ आडवी दिसली. आधीचा मजकूर न पाहता लिहिला होता. निरीक्षण : हिंमतराव भाडळे. पडताळणी : प्रि. ओ.' खाली तारीख.

"त्यांचं नाव कशाला?" सहस्रबुद्धे खांद्यावरून वाचत होते.

"निरीक्षण त्यांचं आहे. मी फक्त पडताळलं."

सहस्रबुद्ध्यांनी कुलूप लावलं, जरुरीपेक्षा जोरात.

परीक्षण झाल्यावर परीक्षक प्रत्येक चौकटीपाशी उभे राहून संग्राहकाशी बोलतात, अशी पद्धत आहे. बाईंच्या चौकटीपाशी गळ्यात भिंग अडकवलेल्या एक परीक्षिका आल्या. त्यांनी चांदणीवाली कोर पाहून मान हलवली, सावली पाहून हसल्या. मग चौदाव्या पानावर बोट ठेवलं.

"विषय नवा आहे, ओव्हाळबाई. अभ्यासही आहे. पण हे एक्केचाळीस. यात चूक नाही असं तुम्हीच लिहिलंय."

"हो."

"मग हे तिकीट इथे का आहे?"

प्रश्न बरोबर होता. तो त्यांच्या स्वतःच्या लक्षात यायला हवा होता.

"चुकांच्या संग्रहात एक बरोबर तिकीट आलं, की विषय मोडतो," परीक्षिका समजुतीने म्हणाल्या.

"तिकीट बरोबर आहे, पण मजकूर चूक होता. म्हणजे तिथे एक चूक आहेच."

"मजकूर टपाल खात्याने काढलेला नाही."

बाईंनी मान डोलावली. परीक्षिकेने पाटीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

पाचला निकाल फळ्यावर लागला. हिंमतरावांच्या बैलांना एकाहत्तर. बाईंच्या चौकटीपुढे अठ्ठावन्न. मांडणीचे दोन गेले होते आणि विषयाचे दोन.

"तुमचा अंदाज अगदी बरोबर होता," बाईंनी सहस्रबुद्ध्यांना सांगितलं. "बासष्टच होते."

सहस्रबुद्ध्यांनी एक पाण्याची बाटली पुढे केली.

हिंमतराव दाराशी उभे होते, टोपी हातात. "म्या उगा तोंड उघडलं, बाई. आठ दिसांनी बोललो असतो तर तुमचं राज्य झालं असतं."

"आठ दिवसांनी कोर राहिली नसती."

"तसं न्हवं..."

"तसंच आहे. तुम्ही पाहिलं होतं, मी वाचलं होतं."

"तरीबी."

"हो," बाई म्हणाल्या. "तरीही."

बसमध्ये सोळा पानं मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या. लक्ष्मी रोडवरून बस गेली तेव्हा सुटकेसच्या दुकानाकडे त्यांनी पाहिलं नाही. वाईट वाटत होतं. किती, ते मोजायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं, पण शून्यावर यायला बरेच दिवस लागणार असं दिसत होतं.

रविवारी त्यांनी चिमट्याने एक्केचाळीस नंबरचं तिकीट पानावरून काढलं. संग्रह सहाशे अकराचा झाला. काढलेलं तिकीट ठेवायला जागा नव्हती. चुकांत ते बसत नव्हतं आणि संशयितांच्या पाकिटात घालणं अन्यायाचं होतं. सोमवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन त्यांनी एक कोरा अल्बम आणला, पाठीवर चिठ्ठी लावली, 'बरोबर', आणि पहिल्या पानाच्या मध्यावर ते तिकीट बसवलं.

मग आर्यभट्टाचं पाकीट उघडलं. भिंगाखाली पंधरा मिनिटं पाहिलं. अजूनही चूक सापडत नव्हती. पण चूक न सापडणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, हे आता त्यांना परवापेक्षा नीट कळत होतं. खुद्द आर्यभट्ट १९९२ साली वातावरणात परत येऊन जळून गेला होता. गच्चीवर जाऊन भागण्यासारखं नव्हतं. त्यांनी ते तिकीट पुन्हा पाकिटात ठेवलं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला बाई नवा अल्बम घेऊन गेल्या. सहस्रबुद्ध्यांनी तो उघडला. पहिलं पान पाहिलं, उलटलं, पुढची सगळी कोरी पानं शेवटपर्यंत उलटली.

"एकच?"

"एकच पाहून झालंय."

"आणि ते चुकांचे अल्बम?"

"ते पुन्हा तपासायला घेतले आहेत. सहाशे अकरा आहेत. त्यांत एक फार तिरकी कोर आहे, एकशे सात नंबरला. तीही मी पुस्तकावरूनच चूक धरली होती."

हिंमतराव शेजारच्या खुर्चीवरून वाकले. "तिरकी आश्विनात बघाय मिळंल, बाई. आत्ता न्हाई. तवर थांबावं लागंल."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आठल्यांकडे अर्ज देऊन ठेवला आहे."